एक्स-रे ते एमआरआय : तपासण्या समजून घ्या, आणि यातल्या नोकरीची वाटही

बारावीचा निकाल लागला की जुन्या विद्यार्थ्यांचे अब्बा-अम्मी आम्हाला भेटायला येतात. प्रश्न ठरलेला असतो. "सर, मुलीनं सायन्स घेतलं, पण एमबीबीएसला नंबर लागत नाही. आता काय करायचं?" आमच्या मोहल्ल्यांत एक तर डॉक्टर, नाही तर काहीच नाही, असा हिशोब चालतो. मधल्या वाटा कोणी सांगत नाही. रेडिओलॉजी ही अशीच एक वाट आहे.

आमच्या एका माजी विद्यार्थिनीनं "एक्स-रे टेक्निशियन" कोर्ससाठी एका खासगी संस्थेत फी भरली. वर्षभरानं सर्टिफिकेट हातात आलं. नोकरीला गेली तेव्हा विचारलं, "विद्यापीठ कोणतं? नोंदणी कुठली?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. पैसे गेले आणि वर्षही गेलं. दुसऱ्या कोणावर ही पाळी येऊ नये म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

कोणती तपासणी कशासाठी?

एक्स-रे : ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत विल्हेल्म राँटजेन यांना हे किरण सापडले. १९०१ साली भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांनाच मिळालं. हाडातून किरण कमी जातात, म्हणून हाड पांढरं दिसतं. फुप्फुसातल्या हवेतून ते सहज जातात, म्हणून ती जागा काळी दिसते. हाड मोडणं, न्यूमोनिया, टीबीची शंका यासाठी पहिली तपासणी हीच.

सीटी स्कॅन : यातही एक्स-रेच वापरतात, पण नळी शरीराभोवती फिरते आणि कॉम्प्युटर शरीराच्या पातळ कापांसारखी चित्रं तयार करतो. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा असा स्कॅन झाला. अपघातात डोक्याला मार लागला किंवा पक्षाघाताचा झटका आला, तर काही मिनिटांत निदानाला मदत होते.

एमआरआय : इथे एक्स-रे नसतात. शक्तिशाली चुंबक आणि रेडिओ लहरी वापरतात. मेंदू, मणका, गुडघ्याचे स्नायुबंध यासाठी ही तपासणी उत्तम. वेळ जास्त लागतो आणि मशीनचा आवाजही मोठा असतो.

सोनोग्राफी : कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत पाठवून त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार होतं. गरोदरपण, पित्ताशयातले व मूत्रपिंडातले खडे, यकृत यासाठी वापर होतो.

मॅमोग्राफी आणि पेट-सीटी : मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा खास एक्स-रे. पेट-सीटीमध्ये किरणोत्सारी औषधाची अगदी थोडी मात्रा शिरेतून देतात. कर्करोग कुठवर पसरला आहे, हे त्यावरून कळतं.

किरणांची भीती किती धरावी?

एमआरआय आणि सोनोग्राफीत एक्स-रेसारखे किरण नसतात. छातीच्या एका एक्स-रेचा डोस ०.१ मिलिसिव्हर्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. जमीन, हवा, अन्न यांतून माणसाला निसर्गतःच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. छातीच्या सीटी स्कॅनचा डोस मात्र एक्स-रेच्या कित्येक पट असतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी भीतीपोटी टाळू नये, आणि "एकदा सगळं स्कॅन करून टाका" असा आग्रहही धरू नये. जुन्या फिल्म आणि रिपोर्ट जपून ठेवा. गर्भ असल्याची शंका असेल तर एक्स-रेच्या आधीच सांगा.

आमच्या घरांसाठी एक खास सूचना. छातीच्या एक्स-रेला जाताना गळ्यातला धातूचा तावीज काढा, नाहीतर त्याची सावली फिल्मवर येते. एमआरआयला जाताना ओढणीच्या आणि हिजाबच्या पिना, दागिने, चिल्लर, मोबाइल सगळं बाहेर ठेवा. शरीरात पेसमेकर किंवा धातूची क्लिप असेल तर आधी सांगा. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णाचा एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकानं सिलिंडर ओढून घेतलं आणि त्याचा जीव गेला. एमआरआयचं चुंबक तपासणी चालू नसतानाही जागं असतं. दारात कोणाला आणि कशाला अडवायचं, हे तंत्रज्ञाला का पक्कं माहीत असावं लागतं, ते यावरून कळतं.

वाटा कोणत्या?

रेडिओलॉजिस्ट : हे डॉक्टर असतात आणि रिपोर्टवर सही त्यांची असते. नीट, एमबीबीएस, मग नीट-पीजी आणि ३ वर्षांची रेडिओलॉजीतली एमडी. वाट लांब आहे.

रेडिओग्राफर किंवा तंत्रज्ञ : रुग्णाला योग्य स्थितीत ठेवणं, योग्य मात्रा लावणं, चांगलं चित्र काढणं हे यांचं काम. बारावी विज्ञान शाखेतून हवी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिकचा बीपीएमटी हा ३ वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, त्यानंतर १ वर्ष इंटर्नशिप. त्यात रेडिओग्राफी हा एक विषय घेता येतो. प्रवेशाचे नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरातच वाचा.

वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ : एमएस्सी फिजिक्स केलेल्यांसाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रेडिओलॉजिकल फिजिक्सचा १ वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. कर्करोगाच्या किरणोपचारात या लोकांशिवाय चालत नाही.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबाद) १९५६ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, आहे. आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. प्रवेशाआधी मुलांनी अशा ठिकाणचे विभाग बाहेरून तरी पाहावेत.

सोनोग्राफीबाबत फसू नका

"सोनोग्राफी टेक्निशियन बना" अशी जाहिरात दिसली तर सावध व्हा. आपल्या देशात सोनोग्राफी करण्याचा अधिकार नोंदणीकृत केंद्रातल्या पात्र डॉक्टरांनाच आहे. १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यानं गर्भाचं लिंग सांगणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि केंद्रातला नोकरही यातून सुटत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. मशीन चुकीच्या हाती गेलं की काय होतं, ते हा आकडा सांगतो.

फी भरण्याआधी हे विचारा

१. पदवी किंवा पदविका कोणत्या विद्यापीठाची वा मंडळाची? त्यांच्या यादीत संस्थेचं नाव आहे का?
२. अभ्यासक्रमानंतर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का?
३. प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, किती महिने?
४. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांत हे शिक्षण बसतं का?

उत्तर लेखी मागा. तोंडी उत्तर देऊन "आधी फी भरा" म्हणत असतील तर उठून या.

पैशांची अडचण असेल तर महाडीबीटी पोर्टलवरच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्त्या पाहा. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्जही देतं. उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी दाखला निकालाआधीच काढून ठेवा.

मुलींनी करावं का?

अम्मी लोकांची खरी काळजी दोन गोष्टींची असते, किरणं आणि माहोल. इथे काम करणाऱ्याला टीएलडी बॅज मिळतो. त्यावरून अंगावर किती किरणं पडली ते मोजतात. मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. गरोदर असल्याचं कळवलं की गर्भासाठी वेगळी, कडक मर्यादा लागू होते. शिशाचा अ‍ॅप्रन आणि आडभिंत आहेच. माहोलचं म्हणाल, तर मॅमोग्राफीला गेलेली आपली कोणतीही बहीण समोर स्त्री तंत्रज्ञ असावी असंच म्हणेल. मग ती स्त्री कोणाच्या तरी घरातून शिकून यायलाच हवी ना?

उर्दू माध्यमातल्या मुलांनो, अकरावीत इंग्रजी शब्दांनी घाबरू नका. उर्दूतली शुआ, मराठीतला किरण आणि इंग्रजीतला रे एकच आहे. दहावीचा प्रकाशाचा धडा पुन्हा काढा, पाया तिथेच आहे. आणि पालकांनो, फी भरण्याआधी वरचे चार प्रश्न कागदावर लिहून सोबत न्या.