मेडिकेअर सल्लासेवा

मेडिकेअर सल्लासेवा : अमेरिकेच्या मेडिकेअर या संघीय आरोग्यविम्यात नाव कधी नोंदवावे, त्याचे कोणते भाग घ्यावेत आणि विम्याबाहेर राहणारा खर्च कसा भागवावा, याविषयी ज्येष्ठांना मार्गदर्शन करणारी सेवा. विमा-एजंट, वित्तीय सल्लागार, वकील आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांतील प्रशिक्षित स्वयंसेवक ती देतात. या विम्यात चुकीच्या निवडीइतकाच चुकलेल्या मुदतीचाही फटका बसतो. म्हणून तारखा सांभाळणे हा या सेवेचा गाभा आहे.

स्वरूप : राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मेडिकेअर कायद्यावर सही केली. माजी अध्यक्ष हॅरी ट्रूमन हे पहिले सभासद झाले आणि १ जुलै १९६६ पासून लाभ मिळू लागले. वयाची अट ६५ वर्षांची. १९७२ च्या दुरुस्तीने दीर्घकालीन अपंगत्व असलेले आणि मूत्रपिंडे निकामी झालेले रुग्णही कक्षेत आले. पार्ट ए रुग्णालयाचा, पार्ट बी डॉक्टर व तपासण्यांचा, तर २००६ पासून पार्ट डी औषधांचा खर्च उचलतो. पार्ट सी, म्हणजे मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज, यात खासगी कंपन्या ए व बी एकत्र देतात. स्वतः किंवा जोडीदाराने ४० तिमाही वेतनकर भरला असेल, तर पार्ट एला हप्ता नसतो. पार्ट बीचा मूळ मासिक हप्ता २०२५ मध्ये १८५ डॉलर होता. दोन वर्षांपूर्वीच्या विवरणपत्रात उत्पन्न जास्त दिसल्यास तो वाढतो. मूळ मेडिकेअरमध्ये नेहमीचे दंतोपचार, चष्मा, श्रवणयंत्र आणि दीर्घकालीन शुश्रूषा यांचा समावेश नाही.

नोंदणीच्या मुदती : पहिली मुदत सात महिन्यांची असते : पासष्टीचा महिना, त्याआधीचे तीन व नंतरचे तीन. सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन आधीच सुरू असलेल्यांची नोंद आपोआप होते. पूर्ण निवृत्तिवेतनाचे वय टप्प्याटप्प्याने ६७ कडे सरकल्यामुळे अनेकांचे ते ६५ व्या वर्षी सुरू झालेले नसते. त्यांना स्वतः अर्ज करावा लागतो. मुदत हुकल्यास १ जानेवारी ते ३१ मार्च या सर्वसाधारण काळाची वाट पाहावी लागते. पार्ट बीला उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्त्याच्या १० टक्के दंड लागतो आणि तो बहुधा जन्मभर द्यावा लागतो. मान्यताप्राप्त औषधविम्याशिवाय सलग ६३ दिवस गेले, तर पार्ट डीलाही दरमहा १ टक्क्याच्या हिशेबाने दंड बसतो. योजना बदलण्याचा वार्षिक काळ १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर हा आहे.

नोकरी चालू असलेल्यांचा प्रश्न : वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत स्वतः वा जोडीदार काम करत असेल, तर कंपनीच्या विम्यावर राहून पार्ट बी पुढे ढकलता येतो. ती नोकरी किंवा तो विमा संपल्यावर आठ महिन्यांची विशेष मुदत मिळते. नोकरी सुटल्यावर स्वखर्चाने चालू ठेवलेला ‘कोब्रा’ विमा यात धरला जात नाही, आणि अनेकांची फसगत इथेच होते. लहान कंपनीत मेडिकेअर हा पहिला विमा ठरतो. तो न घेतल्यास बिले अंगावर येऊ शकतात. आरोग्य बचत खाते असलेल्यांना त्यातील भरणा वेळीच थांबवावा लागतो, कारण पार्ट ए सहा महिन्यांपर्यंत मागील तारखेने लागू होऊ शकतो.

मेडिगॅप : मूळ मेडिकेअरनंतर उरणारा खर्च भागवणारी ही खासगी पूरक पॉलिसी. वय ६५ पूर्ण होऊन पार्ट बी लागू झाल्यावर सहा महिने कंपनीला जुन्या आजारावरून ती नाकारता येत नाही. त्यानंतर बहुतेक राज्यांत आरोग्यतपासणी आड येते. न्यूयॉर्क व कनेक्टिकट हे अपवाद होत. स्वस्त वाटणारी अ‍ॅडव्हांटेज योजना घेऊन काही वर्षांनी माघारी फिरणाऱ्याला म्हणूनच मेडिगॅप मिळेलच असे नाही.

सल्लागार व हितसंबंध : एजंटांना कंपन्यांकडून कमिशन मिळते. अनाहूत फोन करून योजना विकण्यास त्यांना मनाई आहे. १९९० च्या कायद्याने उभी राहिलेली ‘शिप’ केंद्रे विनामूल्य व निःपक्ष सल्ला देतात. दोन्हीकडे जाताना औषधांची यादी, नेहमीच्या डॉक्टरांची नावे आणि कंपनीच्या विम्याची कागदपत्रे जवळ असावीत.

स्थलांतरित मराठी कुटुंबे : मुलांकडे पर्यटक व्हिसावर आलेले आईवडील मेडिकेअरला पात्र नसतात. ग्रीन कार्डधारक, पण कामाचा इतिहास नसलेल्या पालकांना सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर हप्ता भरून नोंदणी करता येते. निवृत्तीनंतर पुण्याला किंवा नाशिकला परतणाऱ्यांपुढे वेगळाच पेच असतो : भारतातील उपचारांना मेडिकेअर लागू नाही; पार्ट बी चालू ठेवला तर न वापरता हप्ते जातात, सोडला तर अमेरिकेत परतल्यावर दंड बसू शकतो. किती काळ कुठे राहायचे हे ठरवल्याशिवाय त्यांना योग्य सल्ला देता येत नाही.