काळोखाची कविता

पहिलीच्या वर्गाला काळोखाची कविता शिकवणं सोपं असतं, कारण ती सकाळी अकराला शिकवायची असते. खिडकीतून ऊन आलेलं, पोरं चाल लावून म्हणतात, हातवारे करतात, मी नाही भ्यायचो म्हणून छाती ठोकतात. तीच पोरं तिन्हीसांजेला परसात एकटी जात नाहीत. १९७९ साली मी शिक्षिका झाले, आणि पुढची छत्तीस वर्षं हेच बघत आले. माझी सगळी नोकरी महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर झाली. घर मात्र नात्यालाच.

नाते म्हणजे महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवरचं गाव. चिंतामणराव देशमुखांचा, रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांचा, जन्म इथला, १८९६ चा. हे इथल्या पोराला अ-आ-ईच्या आधी सांगितलं जातं. भोवती डोंगर, त्यामुळे उजेड डोंगराआड गेला की काळोख पायऱ्या न मोजता खाली येतो. आम्ही त्याला अंधार म्हणत नाही, काळोखच म्हणतो. अंधार पुस्तकात असतो.

पुस्तकातल्या अशा कवितांचं सांगणं बहुतेक एकच असतं. काळोखात काही नसतं, बाळ, उगाच भिऊ नको. शहरातल्या खोलीत ते खरंही असेल. आमच्या खोऱ्यात ते खरं नव्हतं, आणि पोरांना ते ठाऊक होतं. काळोखात फुरसं असतं. काळोखात विंचू असतो. माझ्या लहानपणी लाल विंचू चावून मूल दगावणं ही काही अचंब्याची गोष्ट नव्हती. सरपणात हात घातला, चपलेत पाय घातला, रात्री अंथरुणावर पडलं, की संपलं. मांत्रिकाकडे न्यायचे, घाम फुटायचा, पोर थंड पडायचं. सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर आले. चावलेल्या माणसांच्या उशाशी बसून ते विष हृदयाचं काय करतं हे त्यांनी पाहिलं, आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर चालतं हे दाखवून दिलं. 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली. मला त्यातलं वेगळंच मोलाचं वाटतं. त्यांच्यामुळे आमच्या काळोखातलं एक खरंखुरं भय कमी झालं, आणि ते 'काही नसतं' म्हणून नव्हे, तर काय असतं ते नीट बघून.

आता त्याआधीचं. चिमणी आणि कंदिलाचा काळ. रॉकेल जपून वापरायचं, म्हणून चिमणी स्वयंपाकघरात आणि कंदील ओटीवर. मधलं माजघर काळोखात. आजी दिवा लावायची, कपाळाला हात लावून नमस्कार करायची आणि आम्हा चार-पाच पोरांना रांगेत बसवून म्हणून घ्यायची. आधी शुभंकरोती, मग रामरक्षा, मग मारुतीचं स्तोत्र. रामरक्षा संस्कृतात, आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. आजीलाही कळत नसावं, कारण दोन-तीन शब्द ती ठरलेल्या जागी ठरलेल्या पद्धतीनं चुकायची आणि आम्हीही तसेच चुकायचो. मारुतीचं स्तोत्र मात्र मराठी, समर्थ रामदासांचं, आणि आमच्या तालुक्याला ते जवळचं. दासबोध जिथं लिहिला असं मानतात ती शिवथरची घळ महाड तालुक्यातच आहे. त्या स्तोत्राच्या शेवटी भुताखेतांपासून सुटका होईल असा भरवसा दिलेला आहे. म्हणजे भुतं नाहीत असं रामदासही म्हणत नाहीत. आहेत, पण तुझ्या बाजूनंही कोणी आहे, एवढंच.

कोकणातल्या घरांत हे पाठांतर किती मानाचं होतं ते 'श्यामची आई'तही आहे. साने गुरुजी पालगडचे, डोंगराच्या पल्याडचे म्हटले तरी चालेल. श्यामला रामरक्षा येत नाही, शेजारच्या मुलाला येते, पुस्तक मिळत नाही, तर आई त्याला ती स्वतः लिहून काढायला सांगते. त्याच पुस्तकात पाण्याला भिणाऱ्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते. दोन्ही एकाच आईचे मार्ग. मला पहिला पटतो, दुसरा नाही. पण आमच्या बाजूला दुसऱ्याचेच भोक्ते जास्त.

सगळ्या घरांत रामरक्षा होती असं मात्र कोणी समजू नये. बौद्धवाडीत १९५६ नंतर संध्याकाळी मेणबत्ती लागायची ती बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे, आणि पोरं त्रिसरण-पंचशील म्हणायची. तेही पाली, तेही न कळणारं, तेही सगळ्यांनी मिळून. माझ्या वर्गातली पोरं दोन्हीकडची. शाळेत एकत्र बसली की कोणाचं पाठांतर मोठ्यानं, यावर भांडायची. मला त्यांच्यातला फरक दिसायच्या ऐवजी सारखेपणाच दिसायचा. दिवा, शेजारी कोणाचा तरी गुडघा टेकलेला, आणि आपल्या आवाजात दुसऱ्यांचा आवाज मिसळलेला. अर्थ न कळता भीती जायची ती त्यामुळे.

काळोखाचा दुसरा उपयोग मोठी माणसं करायची, तो कुंपणाचा. नदीच्या डोहात गिऱ्हा, पिंपळावर मुंजा, रानात चकवा. 'तिकडं जाऊ नको, गिऱ्हा ओढतो' म्हटलं की पोर डोहाकडे फिरकत नसे, आणि पावसाळ्यात डोह खरंच माणूस ओढायचे. आजीला विचारलं, 'आजी, तू गिऱ्हा पाह्यलास?' तर म्हणायची, 'मी कशाला बघतेय? मी जातेच नाय तिकडं.' याहून चांगलं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. पण या कुंपणाची किंमत पोरं भरायची. अंथरूण ओलं करणारं सात वर्षांचं पोर आणि त्याला वर मार, हे मी वाडीवाडीवर पाहिलं.

याविरुद्ध पहिल्यांदा नीट बोलले ते बालशिक्षणवाले. गुजरातेत गिजुभाई बधेका, आपल्याकडे ताराबाई मोडक. मुलाला भीती घालून वळण लावू नका, बागुलबुवा घराबाहेर काढा, हे त्यांनी आईबापांना सांगितलं. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ सोबतीला. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना तिथली. सरकारची अंगणवाडी योजना आली ती १९७५ च्या गांधीजयंतीला. आमच्या प्रशिक्षणात ताराबाईंवर एक प्रश्न हमखास असायचा, आणि त्याच धड्यात माँटेसोरीबाईंचा शांततेचा खेळ. खोलीत उजेड कमी करायचा, मुलांनी डोळे मिटून गप्प बसायचं, आणि बाईंनी मागून अगदी हळू एकेकाचं नाव घ्यायचं. नाव आलं की त्यानं पाय न वाजवता उठून बाईंकडे जायचं. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे माझ्या डोक्यात राहून गेलं.

त्यातून माझी कविता झाली. कविता म्हणायलाही संकोच वाटतो, चारच ओळी आहेत. तिच्यामागे आणखी एक कारण होतं, हिरकणी. रायगडाच्या पायथ्याच्या पोरांना भीतीवरचा धडा द्यायचा तर हिरकणीशिवाय कसा देणार? वाळुसऱ्याची गवळण, कोजागिरीला गडावर दूध घालायला गेली, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं मूल, म्हणून कडा उतरून आली. आख्यायिकाच ती, पण बुरूज आहे. एकदा दुसरीतल्या एका पोरानं विचारलं, 'बाई, कोजागिरीला तर चांदणं असतं. मग काळोख कुठला?' वर्ग हसला. तो हसला नाही, म्हणाला, 'काळोख घरात होता. बाळापाशी.' सगळे आईचं शौर्य सांगतात, मीही तेच सांगत होते. त्या दारामागच्या पोराचं कोणी सांगत नाही. माझ्या वर्गातली तीस पोरं मात्र कड्यावर नव्हती, दारामागेच होती.

तर त्या ओळी अशा :

दिवा गेला, घर तिथंच,
चूल तिथंच, जातं तिथंच,
आई कुठं? ती बी तिथंच,
हाक मारा, ओ येईल!

तिसऱ्या ओळीतलं माणूस ज्यानं त्यानं आपलं घालायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवला. कातकरवाडीतल्या पोरांची आई दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते, ती 'तिथंच' नसते. त्याला आई म्हणायला लावणं म्हणजे कवितेनं खोटं बोलणं. कोणी आजी घातली, कोणी दादा, कोणी बैल. शिकवायची पद्धत साधी. खिडक्या लावायच्या, दाराला घोंगडी, डोळे उघडे ठेवायचे. आधी मी हळू नाव घ्यायचं, पोरानं ओ द्यायची. मग पोरांनी एकमेकांना. ओ कुठून आली तिकडे बोट दाखवायचं. चार-पाच दिवसांत पोरं काळोखात वर्गाचा नकाशा सांगायला लागायची. फळा कुठं, माठ कुठं, सुमीची खोकलणारी जागा कुठली.

कातकरी पोरांना या खेळात शिकवण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात तेव्हा ती बापाबरोबर रात्री चूड घेऊन ओहोळात उतरलेली असतात. एकानं मला स्वच्छ सांगितलं, 'बाई, काळोखात मुठे असतात. दिवसा गावत नाय.' वर्गातल्या सगळ्यात गप्प पोराला त्या एका वाक्यानं वर्षभराचा मान मिळाला. पुढे मी दरवर्षी ही कविता शिकवायच्या आधी विचारायची, तुमच्या काळोखात काय काय असतं? यादी फळ्यावर लिहायची. काजवे, वाघळं, फुरसं, दारू पिऊन येणारा काका. हो, तोही यायचा. पुसायचा नाही, यादीत ठेवायचा.

मग या खोऱ्यावर ज्या रात्री आल्या त्यांच्यापुढे चार ओळी किती टिकणार? २५-२६ जुलै २००५ ला दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथं दरडी आल्या, तालुक्यात दीडशेहून जास्त माणसं गेली. २ ऑगस्ट २०१६ ला रात्री सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल एसटीच्या दोन गाड्यांसकट वाहून गेला. आणि २२ जुलै २०२१. महाड पाण्यात, तळियेवर डोंगर आलेला, ८० च्या वर माणसं मातीखाली, वीज नाही, मोबाईल नाही, मदत दुसऱ्या दिवशी पोचलेली. 'घर तिथंच' ही ओळ त्यानंतर तोंडातून काढायची कशी? मी तेव्हा निवृत्त झालेली, करोनामुळे शाळाही बंद. गल्लीतली दहा-बारा पोरं माझ्या ओटीवर बसायची. कित्येक दिवस वीज नव्हती. पाऊस वाढला की पोरं बोलायची थांबायची आणि डोंगराकडे बघायची. त्यात सहा वर्षांची एक, मामाकडून आलेली, तिनं विचारलं, 'बाई, हाक मारली आणि ओ नाय आली तर?'

मी लगेच उत्तर दिलं नाही. आजीला विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं, ते आठवायचा प्रयत्न केला. मग म्हटलं, 'परत मारायची. तरी नाय आली तर शेजारच्याला मारायची, आणि दोघांनी मिळून मारायची.' ती म्हणाली, 'मग तसं कवितेत घाल ना.' तिनंच घातलं. शेवटची ओळ 'परत मारा, सगळे मारा' अशी झाली. चाल बसत नाही, पण पोरं ती ओढून बसवतात. 'घर तिथंच' ती म्हणेनात, तेव्हा मी आग्रह धरला नाही. त्या जागी आता आम्ही 'कोण कुठं?' म्हणतो.

आमच्या आळीत त्यानंतर एक रिवाज पडला. पावसाच्या रात्री वीज गेली की पहिल्या घरातलं पोर शेजारच्या घराला हाक मारतं, ते ओ देऊन पुढच्या घराला. सात घरं. शेवटच्या घरात एकटी म्हातारी, ऐकू कमी. तिच्या दारापाशी आठ-दहा पोरं एकदम ओरडतात. एकदा तीन हाका झाल्या तरी ओ नाही. पोरं रडकुंडीला आलेली, एक बाप बॅटरी घेऊन धावलेला, तेवढ्यात आतून आवाज आला, 'मेल्यांनो, जेवतेय मी! ओ काय घास घशात घेऊन देऊ?'