एव्हरेस्टवरची पहिली बाई आणि तिथला कचरा

एव्हरेस्टवर पहिली बाई कोण चढली, असा प्रश्न आमच्या गटात निघाला, तेव्हा बहुतेकींनी बचेंद्री पाल यांचं नाव घेतलं. त्या भारतातल्या पहिल्या, १९८४ सालच्या. जगातली पहिली बाई त्यांच्याही नऊ वर्षं आधी चढली होती. त्या जपानच्या जुन्को ताबेई. आपण त्यांना जुन्कोताई म्हणू.

पुरुष डोंगरावर सोबत घ्यायला राजी नसत, म्हणून जुन्कोताईंनी १९६९ मध्ये फक्त बायकांचा गिर्यारोहण गट काढला. मोहिमेसाठी पैसे मागायला गेल्या, तर ऐकायला मिळालं, घरी बसा, पोरं सांभाळा. शेवटी एका वर्तमानपत्राने आणि टीव्ही कंपनीने हात दिला, तरी प्रत्येकीला जवळजवळ वर्षाच्या पगाराएवढी रक्कम घालावी लागली. ताईंनी पियानोच्या शिकवण्या घेतल्या. गाडीच्या सीटच्या कव्हरांचे हातमोजे शिवले, जुन्या पडद्यांच्या विजारी केल्या. घरी तीन वर्षांची लेक होती. तुम्ही काय विचाराल ते आम्हाला ठाऊक आहे. तर हो, ती मागे जपानलाच राहिली.

४ मे १९७५ ला छावणीवर बर्फाचा कडा कोसळला. ताई तंबूसकट गाडल्या गेल्या, शुद्ध हरपली. शेर्पांनी उकरून बाहेर काढलं. बाराव्या दिवशी, १६ मे रोजी, आंग त्सेरिंग शेर्पांसोबत त्या माथ्यावर पोचल्या. लोक ‘पहिली बाई’ म्हणत. त्यांना मात्र स्वतःला ‘३६ वी व्यक्ती’ म्हणवून घेणं आवडे.

तेव्हा ३६, आणि २०१९ च्या एकाच हंगामात आठशेहून जास्त! सगळ्यात लहान कोण, सगळ्यात म्हातारं कोण, सगळ्यात लवकर कोण, अशी चढाओढ लागली. मागे राहिले ऑक्सिजनचे नळकांडे, फाटके तंबू, दोर, डबे आणि माणसांची विष्ठा. आपल्या उकिरड्यात सहा-आठ महिन्यांत खत होतं. तिथल्या थंडीत काही कुजत नाही. बर्फ वितळला की ती घाण वर येते आणि पाण्याबरोबर खालच्या वस्त्यांकडे उतरते.

जुन्कोताई साठीला आल्यावर पुन्हा विद्यापीठात गेल्या. विषय घेतला एव्हरेस्टवरच्या कचऱ्याचा, आणि २००० साली अभ्यास पुरा केला. विक्रम करून परत आपल्याच मागचा पसारा तपासणारे किती असतील? आम्हाला त्यांच्या चढाईपेक्षा हेच मोठं वाटतं.

२०१४ मध्ये नेपाळ सरकारने नियम केला, की प्रत्येक गिर्यारोहकाने ८ किलो कचरा खाली आणायचा, नाहीतर अनामत रक्कम बुडाली. पण वजन व्हायचं पायथ्याशी. कचरा वरच्या छावणीतून आणला की खालच्या, हे तराजू कसं सांगणार? २०१९ मध्ये सरकारने मोठी सफाई काढली, तेव्हा दहा टनांच्या वर कचरा आणि चार मृतदेह निघाले. वरच्या छावण्यांमधून ते ओझं उतरवलं शेर्पांनीच, आपल्या पाठीवरून.