हैदराबादची गाडी आणि लेकीचा फॉर्म

उमरीहून बोलतोय आम्ही, बचत गटाचं काम पाहणाऱ्या तुमच्याच मैत्रिणी. बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत हप्त्याच्या आधी एकच विषय निघतो. पोरीला कुठं घालायचं, फॉर्म कुठं भरायचा, कागद कोणते लागतात. आणि दर वर्षी कुणी ना कुणी म्हणतंच, "आमच्या घरात कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, मला काय कळतंय त्यातलं?"

आज त्या वाक्यावरच बोलायचं आहे. आपल्या घरात कुणी कॉलेज का पाहिलं नाही? याचं उत्तर शोधायला थोडं मागं जावं लागतं. आणि गंमत म्हणजे तेच मागचं सगळं आज पोरीच्या फॉर्मसोबत पुन्हा मागतात.

आपल्या उमरी स्टेशनावरून जाणारी रेल्वे लाईन मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत जाते. निजामाच्या राज्यात मोठ्या शिक्षणाची वाटही हीच. हैदराबादला निजाम कॉलेज होतं, पण त्याची पदवी मद्रास विद्यापीठाची. मग १९१८ मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी उस्मानिया विद्यापीठ काढलं. तिथं शिकवायची भाषा उर्दू. इंग्रजीऐवजी इथल्याच भाषेत डॉक्टरीपासून गणितापर्यंत सगळं शिकवायचं म्हणून पुस्तकांची भाषांतरं करणारं एक खातंच त्यांनी उभं केलं होतं. हे काम मोठं होतं, ते मान्यच करायला हवं. पण आपल्या भागातल्या लेकराची घरची भाषा मराठी. शेजारी तेलंगणात तेलुगू, खाली कर्नाटकाकडं कानडी. या सगळ्यांना आधी उर्दू शिकायची, मग विद्या. मराठीतून शिकायचं तर अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा अशा मोजक्या जागा. हिप्परग्याला स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक होते, हे पुढं लागणार आहे म्हणून लक्षात ठेवा. त्या काळात ज्याच्या घरी जमीन, पैसा आणि शहरात एखादा नातेवाईक, त्याचाच मुलगा पुढं जाई. मुलीचा तर प्रश्नच कमी वेळा निघे.

१९३८ साली मात्र एक गोष्ट घडली, ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात आणि मग हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहात मुलं प्रार्थनेला वंदे मातरम म्हणू लागली. सरकारनं बंदी घातली. मुलं हटली नाहीत, संप झाला, आणि शेकडो मुलांना काढून टाकलं. विचार करा, घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन हैदराबादला ठेवलेलं पोरगं, आणि एके दिवशी कळतं की त्याचं नाव कमी केलं. आता पुढं कोण घेणार? त्या वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते टी. जे. केदार. त्यांनी या मुलांना नागपुरात प्रवेश दिला. पुढं देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या काढून टाकलेल्या मुलांपैकीच एक, तेही नागपूरला जाऊन शिकले. नागपूरचं दार उघडलं नसतं तर किती जण परत येऊन घरच्या औतामागं लागले असते, सांगता येत नाही. प्रवेश म्हणजे हुशारी असते तशी, वेळेवर कुणी पाठीशी उभं राहणंही असतं.

पुढचा लढा तुम्हाला माहीत आहे. आपल्या उमरीचं नाव त्यात येतं ते बँकेमुळं. जानेवारी १९४८ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी इथली बँक लुटली आणि पैसा लढ्याकडं नेला. (आज त्याच गावात आपण स्कॉलरशिपचं खातं आधारला जोडायला बँकेच्या रांगेत उभ्या राहतो.) १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता गेली. दोनच वर्षांत, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद झालं. त्याच साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. कॉलेज आपल्या जिल्ह्यात आलं, पण पदवी अजून उस्मानियाचीच होती. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं, तेव्हा कुठं आपल्या भागाला आपलं विद्यापीठ मिळालं.

त्या विद्यापीठाच्या नावाचीही एक जखम आहे, ती लपवू नये. १९७८ मध्ये विधिमंडळानं विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरं जळाली, माणसं मारली गेली. आपल्याच नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्यात गेले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, सोळा वर्षं लागली. ज्या सर्टिफिकेटावर आज आपली मुलं सहज ते नाव वाचतात, त्यासाठी कुणाच्या तरी घरातला माणूस गेला आहे. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचं विद्यापीठ वेगळं झालं, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. हिप्परग्याचे तेच मास्तर. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे, लातूरच्या शाहू कॉलेजचे प्राचार्य राहिलेले. विद्यापीठ हैदराबादहून औरंगाबादला आलं, औरंगाबादहून विष्णुपुरीला, आणि आता ते मोबाईलमध्ये आलं आहे.

अंतर संपलं, पण कागद राहिला. आणि इथं आपला इतिहास पुन्हा आडवा येतो.

जातीचा दाखला काढायला जुना पुरावा मागतात. ओबीसी असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. म्हणजे पोरीचा आजा किंवा पणजा शाळेत गेला होता का, हे विचारलं जातं. ज्या राज्यात शाळाच मोजक्या होत्या, तिथल्या माणसाच्या नातीला आज शाळेचा निर्गम उतारा आण म्हणतात! शाळेत नसेल तर खासरा पत्रक, कोतवाल बुक, जुने जन्म-मृत्यूचे उतारे. त्यातले किती तरी उर्दूत नाही तर मोडीत. कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये शिंदे समिती बसली, तिलाही हेच निजामकाळचे कागद उघडावे लागले. मग आपल्यासारखीला वर्षभर आधी शोधायला लागलं तर त्यात लाजण्यासारखं काय?

आमच्या एका गटातली गोष्ट. पोरीच्या आजोबांचं नाव कुठल्याच शाळेत सापडेना, ते लहानपणापासून सालगडी. घरचे थकले. मग म्हाताऱ्या चुलत सासूला आठवलं की आजोबांची धाकटी बहीण दोन वर्षं शाळेत गेली होती. रजिस्टर काढलं, नाव निघालं, जातीसकट, १९६७ च्या आधीचं. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्याचा पुरावा चालतो. दुसरीत शाळा सुटलेल्या त्या आत्याआजीमुळं आज नात नर्सिंगला आहे. तेव्हा पुरावा शोधताना घरातल्या बायांची नावंही विचारा. आजोबा-पणजोबांवरच थांबू नका.

आता कामाचं सांगतो. दाखला मिळाला की पडताळणी, ती बारावीच्या निकालापर्यंत ठेवूच नका. अकरावी-बारावीत कॉलेजमार्फत अर्ज करा. नॉन क्रिमीलेयर नव्या आर्थिक वर्षातही चालणारं हवं, तारीख संपलेलं प्रमाणपत्र घेऊन गेलं तर आरक्षणातली जागा हातची जाते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, आधार, दहावीचं मार्कमेमो, या सगळ्यांवर नाव एकच आहे का ते बघा. आपल्या बायांचं तर इथंच अडतं. माहेरचं एक नाव, सासरी बदललेलं दुसरं, आधारवर तिसरंच. पोरीच्या मार्कमेमोवर आईच्या नावाचा रकाना असतो, त्यात तुमचं कोणतं नाव आहे हे आजच बघून घ्या.

नेट कॅफेवर फॉर्म भरताना एक गोष्ट फार जपा. मोबाईल नंबर तुमच्या घरातला द्या. भरणारा घाईत स्वतःचाच नंबर टाकतो, मग ओटीपी त्याच्याकडं, यादी लागल्याचा मेसेज त्याच्याकडं, आणि तो गावाला गेलेला. पासवर्ड गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहा. शिवाय पोरीच्या जवळ बसा. कॉलेजांची नावं क्रमानं टाकताना सगळ्यात जास्त हवं ते सर्वांत वर, हे तिला ठाऊक असतं, पण घरच्यांच्या भीतीनं ती जवळचं वर टाकते. कुणी तरी तिला विचारायला हवं, तुला काय हवंय गं.

पैशाचं म्हणाल तर, ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही, एजंट हे सांगत नाही. नियम बदलतातही. मेडिकलला पूर्वी आपल्या विभागाला ७०:३० चं सूत्र होतं, २०२० मध्ये ते गेलं. म्हणून मोठ्या पोराच्या वेळचं धाकटीला लावू नका, त्या वर्षाचं माहितीपत्रक वाचून घ्या, नाही तर कुणाकडून वाचवून घ्या.

फी माफ झाली तरी हॉस्टेल, गाडीभाडं, पुस्तकं राहतातच. आणि हे सगळं येतं जूनमध्ये, सोयाबीनच्या बियाण्याच्या आणि खताच्या वेळी. मुलाला लातूरला क्लास लावायला कर्ज निघतं आणि मुलीला "यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू." हे पुढचं वर्ष आम्ही पाहिलेलं आहे. कागदासाठी एक वर्ष गेलं की उन्हाळ्यात पाहुणे यायला लागतात, आणि मग पोरीला उजवूनच टाकतात. मुलाचं वर्ष वाया गेलं तर वर्षच जातं.

म्हणून आमच्या काही गटांनी ठरवलं आहे, जानेवारीच्या बैठकीत अकरावी-बारावीच्या मुलींची यादी करायची, आणि अंतर्गत कर्जातली थोडी रक्कम जूनसाठी बाजूला ठेवायची. बी-बियाण्याचं कर्ज त्यातून द्यायचं नाही. एक कापडी पिशवी, त्यात सगळे मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स. ती पिशवी आईकडं. ज्या आईला वाचता येत नाही ती झेरॉक्सच्या कोपऱ्यात रंगाची खूण करते, लाल जातीचा, हिरवा उत्पन्नाचा. परवा एकीनं पिवळा रंग डोमिसाईलला दिला आणि आम्हालाच विचारलं, पडताळणीला आता कोणता उरला?