‘मेकर’ : एका आडनावाचे शेपूट

आपल्या सातारा-सांगलीकडची मुस्लिम आडनावे नुसती वाचली तरी निम्मी बाजारपेठ डोळ्यांसमोर उभी राहते. आतार, मणेर, बागवान, तांबोळी, नदाफ, शिकलगार. कुणाचे मूळ अरबी, कुणाचे फारसी. पण सारी मराठी तोंडात रुळलेली. मिरजेच्या एका आडनावात मात्र थेट इंग्रजी येऊन बसली : सतारमेकर.

ही माणसे मूळची शिकलगार. ‘सैकल’ म्हणजे झिलई आणि ‘गर’ म्हणजे करणारा. तलवारींना धार लावणारे हात. 1848 मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले, इंग्रजी अंमल पक्का होत गेला, तशी हत्यारांची मागणी आटली. मिरज संस्थान टिकून होते. तिथे पटवर्धनांच्या आश्रयाने फरीदसाहेब शिकलगारांनी त्याच सुमारास तंतुवाद्ये दुरुस्त करता करता नवी घडवायला घेतली, असे परंपरा सांगते.

हुनर बदलला, नाव काय घ्यावे? ‘सतारवाला’ नुसता विकणाराही असतो. ‘सतारकर’ म्हणावे तर शेजारी सातारकर उभेच! ‘मेकर’मध्ये मात्र हाताचा हक्क आहे. तसा हा शब्द इंग्रजीत मोठा बहुरूपी. शूमेकर जोडे शिवतो, पण बुकमेकर पुस्तक करत नाही, शर्यतीच्या पैजा घेतो. पेसमेकर तर छातीत बसतो. पहिले अक्षर मोठे लिहिले की तोच शब्द खालिकसाठी येतो. गंमत अशी की फारसी ‘गर’चाही अर्थ हाच. शिकलगाराचा सतारमेकर झाला तेव्हा शेपूट फारसीतून इंग्रजीत गेले, अर्थ जागचा हलला नाही.

आणि माझ्या मते हातही फारसा हलला नाही. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा येतो, लाकूड तासता येते. पण घोडी कानसेने घासून, कानाने जोखून जवारी लावणे हे धार लावण्याच्याच जातीचे काम. एक कानस जास्त फिरली की तार बोलेनाशी होते.

मैफलीत गवयाचे नाव पुकारतात, तंबोरा कुणाच्या हातचा हे कोण विचारतो? किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ 1937 मध्ये वारले, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. त्यांच्या नावाने तिथे अजून गाणे होते. साथीला मिरजेचेच तंबोरे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कागदावर नाव गावाचे आहे. ‘मेकर’ अजून दुकानांच्या पाट्यांवरच वाचावा लागतो.