चपला घालून फ्रिज उघड

म्हणजे झालं असं, की मे महिन्यातल्या एका रविवारी स्वयंपाकघरात मिक्सर आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी चालू होते, आणि कुठूनतरी सुकट भाजल्यासारखा वास यायला लागला. आधी वाटलं शेजारी बेत आहे. पण शेजारी तर गावी गेलेले! मग ओट्यावरच्या स्विचबोर्डाला हात लावला तर तो चांगलाच गरम. जळक्या बेकेलाइटचा वास मासळीसारखा येतो हे ज्ञान मला वयाच्या पन्नाशीत झालं.

मेन बंद केला, वायरमनला बोलावलं. त्यांनी बोर्ड उघडला, टॉर्च मारला आणि विचारलं, "साहेब, हे कोणी केलंय?" आत अॅल्युमिनियमची वायर तांब्याच्या वायरीला पिळून जोडलेली होती आणि त्यावर काळी टेप. टेपचा कोळसा झालेला.

तो जोड माझा होता. १९९६ सालचा. घरी नवा कॉम्प्युटर आला होता, त्याला पॉइंट हवा होता, आणि मी नुकताच डिप्लोमा झालेलो असल्यामुळे मला सगळं येत होतं :-)

असो. त्या दिवसापासून घराचं अर्धं वायरिंग बदलायचं काम निघालं ते तीन आठवडे चाललं. अर्धंच का, ते पुढे येईलच. पण भिंतीवरून एकेक पट्टी निघायला लागली तसतसा मी कामात कमी आणि भूतकाळात जास्त रमलो. बायकोचं म्हणणं, मी त्या वायरमनना नुसता पिडत होतो.

नाहूर म्हटलं की अजूनही लोक "म्हणजे नक्की कुठे?" असं विचारतात. भांडुप आणि मुलुंडच्या मधे. २००६ पर्यंत इथे स्टेशनच नव्हतं, त्यामुळे पत्ता सांगताना आम्ही सोयीप्रमाणे कधी मुलुंड सांगायचो, कधी भांडुप. मुंबई महापालिकेची हद्द १९५० साली भांडुपपर्यंत आली आणि १९५७ साली मुलुंडपर्यंत सरकली. म्हणजे आम्ही मुंबईकर. पण विजेच्या बाबतीत नाही बरं का! कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट. त्यापुढे उपनगरांत १९२९ साली स्थापन झालेली बीएसईएस, जी मग रिलायन्स झाली आणि २०१८ साली अदानींकडे गेली. पण ती आपल्या बाजूला विक्रोळीपर्यंतच. कांजूर-भांडुप-मुलुंड हा पट्टा राज्याच्या वीज मंडळाचा. हे मंडळ १९६० चं, २००५ साली त्याचे तुकडे झाले आणि आमच्या बिलावर 'महावितरण' आलं. बाबा मात्र शेवटपर्यंत 'बोर्डाचं बिल' असंच म्हणायचे.

या हद्दीमुळे एक गंमत व्हायची. गंमत कसली, मनस्तापच. दाभोळचा प्रकल्प २००१ साली बंद पडला आणि पुढची काही वर्षं राज्यात विजेचा तुटवडा होता. दादरच्या मावशीकडे झगझगाट आणि आम्ही महापालिकेला तिच्यासारखाच कर भरून हातात मेणबत्त्या घेऊन. त्याच काळात घरात इन्व्हर्टर आला, आणि त्याच्यासाठी भिंतीवर आणखी एक पट्टी.

तसं पाहिलं तर मुंबईत विजेची सुरुवातच अपशकुनाने झाली. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. ज्या कंपनीने लावले ती पुढच्याच वर्षी गुंडाळली गेली आणि मार्केट परत गॅसच्या दिव्यांवर आलं. नंतर १९०५ ची बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, १९०७ ची विजेची ट्राम, १९१५ साली टाटांचं खोपोलीचं वीजघर. लोणावळ्याच्या घाटावरचं पाणी खाली सोडायचं आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची. घरात दिवा लावणं हा त्यातला फार छोटा भाग होता. पुढे भिऱ्याच्या वीजघरासाठी मुळशीला धरण झालं, त्याविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातले शेतकरी सत्याग्रह करत होते. शाळेत आम्हाला हा धडा 'स्वातंत्र्यलढा' या खात्यात शिकवला. त्यांची शेतं बुडाली ती मुंबईचे पट्टे आणि दिवे चालावेत म्हणून, ही जोडणी शाळेत कुणी करून दिली नाही. (दादा, तू इतिहासाचा माणूस, चुकत असेन तर फोन कर.)

आमची इमारत १९७७ ची. तीन मजली, लिफ्ट नाही. बिल्डरने दिलेलं वायरिंग म्हणजे सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवलेली वायर. खोलीला एक दिवा, एक पंखा, एक पाच अँपिअरचा प्लग. पंधरा अँपिअरचा 'पॉवर पॉइंट' अख्ख्या घरात एक, तो मोरीच्या दाराशी. तेव्हा मुंबई दूरदर्शन सुरू होऊन पाचच वर्षं झाली होती, फ्रिज म्हणजे श्रीमंती. विक्रोळीत गोदरेजचा फ्रिज १९५८ पासून बनत असला तरी नाहूरच्या दोन खोल्यांत तो पोचायला वेळ लागला. त्यामुळे एवढे पॉइंट पुरेत हा हिशोब त्या काळाला चुकीचा नव्हता.

आणि वायर अॅल्युमिनियमची. यात बिल्डरची लबाडी वगैरे नाही. तांबं आपल्याकडे कमी, परकीय चलन त्याहून कमी, आणि अॅल्युमिनियम देशात तयार होत होतं. अमेरिकेतही तांबं महागलं तेव्हा १९६५ ते १९७३ च्या दरम्यान लाखो घरांत अॅल्युमिनियमच घातलं गेलं, आणि मग आगी लागायला लागल्यावर चौकशा झाल्या. अॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण साठ टक्केच वीज वाहून नेतं, म्हणून वायर जाड घ्यावी लागते. तो खरा त्रास नाही. खरा त्रास टोकांना. स्क्रूखाली दाबलेली तार तापते, फुगते, थंड होते, आणि वर्षानुवर्षं हे होताना हळूहळू दाबली जाऊन सैल पडते. वर तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, त्यातून वीज नीट जात नाही. सैल जोड म्हणजे उष्णता, आणि उष्णता म्हणजे अजून सैल. त्यात कुणी शहाण्याने तांबं पिळलं तर ओल्या हवेत दोन धातूंचं आपापसात वेगळंच सुरू होतं. मुंबईच्या पावसाळ्यात ओल्या हवेला तोटा नाही.

आमचे वायरमन वायरीची मापं अजून जुन्या भाषेत सांगतात, "तीन-बावीस", "सात-वीस". तीन-बावीस म्हणजे बावीस गेजच्या तीन तारांची वायर. दुकानात सगळं चौरस मिलिमीटरमध्ये झालं, तरी ही भाषा गेली नाही. बाबाही असंच बोलायचे. ते भांडुपच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते.

१९८४ साली आमच्याकडे फ्रिज आला. बाबांनी त्यासाठी जुन्या पट्टीला हात न लावता मेन स्विचपासून स्वयंपाकघरापर्यंत स्वतंत्र लाइन ओढली. तांब्याची सात-बावीस, वेगळा किटकॅट फ्यूज. दोन रविवार गेले. मी टॉर्च धरायला होतो. आणि फ्रिज आल्यापासून आमच्या घरात एक नियम होता: चपला घालून फ्रिज उघडायचा. अनवाणी हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या. लादी पुसल्यावर तर जास्तच. आमच्या दृष्टीने तो फ्रिजचा स्वभाव होता, जशी शेजारच्यांची मांजर बोचकारायची तसा. आई तर पन्नास वेळा पाहुण्यांना सांगायची, "अगं, चपला घाल हं, आमचा फ्रिज चावतो."

आता मेंटेनन्सचा माणूस, आणि त्याच्या घरचा फ्रिज चावतो? मोठा झाल्यावर मला याचं थोडं हसू यायचं. एकदा त्यांना तसं म्हणालोही होतो. ते काही बोलले नाहीत.

तर, वायरमननी बाबांची ती लाइन उघडली. सगळे जोड स्क्रूच्या कनेक्टरमध्ये, एकही पिळलेला नाही. चाळीस वर्षांनीही तांबं लाल. आणि दोन वायरींबरोबर तिसरी हिरवी. अर्थिंगची! बिल्डरच्या वायरिंगमध्ये अर्थ नव्हतीच, प्लगचं वरचं मोठं भोक नुसतं शोभेला. बाबांनी ओढलेली हिरवी वायर मेन बोर्डापर्यंत गेली होती, तिथून जिन्याच्या भिंतीने खाली मीटररूमपर्यंत. आम्ही दोघं टॉर्च घेऊन खाली गेलो. मीटरच्या फळीमागे ती सापडली. नीट वेटोळं करून, टोकाला टेप लावून, खिळ्याला टांगलेली. तिला जोडायला इमारतीची अर्थ पट्टीच तिथे नव्हती. एक गंजलेला तुकडा जमिनीतून वर आला होता, त्याचा खाली कशाशी संबंध राहिला नव्हता.

वायरमन म्हणाले, "ज्याने केलं त्याने आपलं काम पूर्ण केलं होतं."

आईला विचारलं. ती सहज म्हणाली, "हो, ते सोसायटीत बोलले होते ना. खड्डा करायचा म्हणून." सेक्रेटरींकडून जुनी मिनिट्सची वही मागून आणली. १९८५ च्या एका सभेत, गळक्या टाकीच्या आणि पंपाच्या मधे, एक ओळ आहे: अर्थिंगचा विषय पुढील सभेत घ्यावा. पुढच्या सभेत टाकी आहे, पंप आहे. अर्थिंग नाही. त्यापुढची तीन वर्षं मी चाळली. नाही. बाबा जाऊन आता अकरा वर्षं झाली, त्यामुळे दुसऱ्यांदा विचारलं का, कुणी काय उत्तर दिलं, हे कळायला मार्ग नाही.

या वेळी मी सभेची वाट पाहिली नाही, घरोघरी जाऊन सह्या घेतल्या. पाण्याच्या टाकीच्या बाजूला खड्डा झाला. जुन्या पद्धतीनेच करायचं ठरलं, गॅल्व्हनाइज्ड पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वरून पाणी ओतायला नरसाळं. पट्टी मीटररूममध्ये आली. बाबांची हिरवी वायर ठेवावी असं मला फार वाटत होतं, पण आता लोड वाढलाय, तिची जाडी पुरणार नाही, असं वायरमन म्हणाले आणि ते बरोबरच होतं. वेटोळं माझ्या कपाटात आहे.

घरात काय केलं ते थोडक्यात. मीटरपासून नवी तांब्याची मेन. किटकॅट जाऊन एमसीबी. स्वयंपाकघर, गिझर आणि एसी यांना प्रत्येकी स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची लाइन. आणि सगळ्यांवर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तो गेलेली आणि परत आलेली वीज मोजत बसतो, फरक पडला की तोडतो. तो अर्थ नसली तरी काम करतो, पण मग गळती शोधायला माणसाचा हात लागतो. अर्थ असली की हात लागायच्या आधीच तुटतं. म्हणून दोन्ही हवं.

हॉलचे दिवे-पंखे मात्र जुन्याच पट्टीवर आहेत. एक कारण पैसा. दुसरं कारण आई, तिला तीन आठवड्यांच्या धुळीपुढे आणखी धूळ नको होती. जोड सगळे नवे करून त्या लाइनला छोटा एमसीबी लावलाय, दिवे आणि पंख्यांपलीकडे तिथे काही लावायचं नाही अशी तंबी आहे. पहिल्या रात्री आरसीसीबी तीनदा पडला. हॉल आणि बेडरूमचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र होता. तो शोधायला अर्धा दिवस गेला आणि तिथेही टेपखाली एक पिळलेला जोड निघाला. यावेळी मी काही बोललो नाही :-)

बारा बिऱ्हाडांपैकी आत्तापर्यंत पाच जणांनी अर्थची वायर वर ओढून घेतली आहे. बाकीचे "दिवाळीनंतर बघू" म्हणतात. तुमच्याकडे कुणी चपला घालून फ्रिज किंवा वॉशिंग मशीन उघडत असेल तर खाली मीटररूममध्ये एकदा डोकावून या, आणि काय दिसलं ते मला कळवा.