पॉवर रॅटल, पेट्रोलचा नळ आणि सहा घाट

सपोर्ट प्रोजेक्टवर सहा महिने काढलेल्या कुणालाही एक वाक्य तोंडपाठ असतं : "हा बग नाही, हे फीचर आहे." मंडळी, ह्या वाक्यावर आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांची मक्तेदारी नाही बरं का. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या नेपियर कंपनीच्या गाड्या विकणारा सेल्विन एज नावाचा गृहस्थ हेच करत होता. नेपियरने १९०४ मध्ये सहा सिलिंडरची गाडी बाजारात आणली. गाडी छान, ताकद भरपूर, पण एका ठरावीक वेगाला इंजिनातून भयानक खडखडाट यायचा. एज हा हाडाचा सेल्समन. त्याने त्या आवाजाला नाव दिलं 'पॉवर रॅटल'! म्हणजे हा आवाज येतोय कारण ताकदच इतकी आहे हो... गिऱ्हाईक खूश.

तो खडखडाट नक्की कशाचा होता आणि तो दुसऱ्या एका माणसाने कसा शोधला, ही आजची गोष्ट. पुढे त्याच माणसाच्या इंजिनाला शंभर वर्षांनी पुन्हा जिवंत करायचं तर काय काय करावं लागतं, हेही.

एका रांगेतले सहा सिलिंडर ही कागदावर फार सुंदर रचना आहे. वरखाली होणाऱ्या पिस्टनचे धक्के एकमेकांना जवळजवळ पूर्ण खोडून काढतात. चार सिलिंडरला हे जमत नाही. मग घोडं अडलं कुठे? सहा सिलिंडरचा क्रँकशाफ्ट लांब असतो. त्याच्या मागच्या टोकाला जड फ्लायव्हील, पुढचं टोक मोकळं. प्रत्येक स्फोटाबरोबर तो दांडा थोडासा पिळला जातो आणि परत सुटतो, ओली चादर पिळून सोडावी तसा. झोपाळ्याला बरोबर वेळ साधून धक्का दिला की तो उंच जातो, तसंच एका विशिष्ट वेगाला स्फोटांची लय आणि दांड्याची स्वतःची लय जुळते. मग पीळ वाढत जातो, गिअर खडखडतात आणि शेवटी दांडा तुटतो. अक्षरशः दोन तुकडे. आज हे इंजिनिअरिंगच्या पुस्तकात 'टॉर्शनल व्हायब्रेशन' म्हणून शिकवतात (आणि आपण ते ऑप्शनला टाकतो). १९०५ मध्ये मात्र कुणालाच हे नीट ठाऊक नव्हतं. दांडा तुटला म्हणजे पोलाद वाईट, असंच लोक धरून चालायचे.

हेन्री रॉइसच्या पहिल्या सहा सिलिंडर गाडीला, म्हणजे ३० हॉर्सपॉवर मॉडेलला, हाच रोग होता. रॉइस हा पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा. रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी केलेला, मँचेस्टरमध्ये डायनॅमो आणि विजेच्या क्रेन बनवणारा. स्वतःला मेकॅनिक म्हणवून घेण्यात त्याला अभिमान वाटे. त्याने 'पॉवर रॅटल'सारखं गोड नाव शोधलं नाही. ३० च्या इंजिनात दोन-दोन सिलिंडरचे तीन ठोकळे होते. पुढच्या ४०/५० मॉडेलमध्ये त्याने तीन-तीनचे दोन ठोकळे केले. जणू तीन सिलिंडरची दोन इंजिनं पाठीला पाठ लावून ठेवली आहेत, एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. दांडा जाड केला, त्याला सात बेअरिंगांचा आधार दिला आणि मधलं बेअरिंग सगळ्यात मोठं ठेवलं. शिवाय दांड्याच्या आतून भोक पाडून दाबाने तेल खेळवलं. पुढच्या काळात दांड्याच्या मोकळ्या टोकाला घसरत्या चकतीचा डॅम्परही बसला. (ह्याच सुमारास फ्रेडरिक लँचेस्टरही डॅम्परवर काम करत होता. पहिला कोण, हा वाद तेव्हाही रंगला होता.)

हे ४०/५० मॉडेल नोव्हेंबर १९०६ मध्ये लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात आलं. ७०३६ सीसी, आणि ताकद १२५० आरपीएमला ४८ हॉर्सपॉवर. आपली १२०० सीसीची हॅचबॅक ८० च्या पुढे जाते, त्यामुळे आकडा वाचून हसू येईल. पण ह्या इंजिनाचं कॉम्प्रेशन फक्त ३.२ ला १. ते कधी घाईत नसतंच, म्हणूनच इतकं जगतं.

१९०७ मध्ये ह्यातल्या एका गाडीला चंदेरी रंग देऊन 'सिल्व्हर घोस्ट' नाव दिलं आणि रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली लंडन-ग्लासगो फेऱ्या मारत १५,००० मैल पळवलं. फक्त ६२९ मैलांवर गाडी बंद पडली. कारण? पेट्रोलचा नळ हादऱ्याने आपोआप बंद झाला. उघडायला मिनिटभर लागलं. त्यानंतर उरलेले १४,३७१ मैल यंत्रात बिघाड होऊन गाडी एकदाही थांबली नाही. मग क्लबने इंजिन खोलून सुटा सुटा भाग मोजला. गाडी पुन्हा नव्यासारखी करायला लागणाऱ्या भागांची किंमत निघाली दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स. मला ह्या चाचणीतला सगळ्यात जास्त आवडतो तो नळ. क्रँकशाफ्टवर इतकं डोकं लावलं आणि सिस्टिम पडली कशाने, तर एका फडतूस नळाने. ओळखीचं वाटतंय ना?

आता आपल्याकडचा भाग. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली. सुमारे ६२० मैल आणि वाटेत सहा घाट. फ्रँक नॉर्बरी नावाच्या इंग्रजाने त्यात ४०/५० गाडी उतरवली, नाव 'पर्ल ऑफ द ईस्ट'. गाडी कुठेही न बिघडता गेली आणि जिंकली. पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. आज आपण एसी लावून खंबाटकी चढतो तेव्हा काही वाटत नाही. तेव्हाच्या घाटरस्त्यावर, आपल्या हवेत, न उकळता जाणं ही खरी परीक्षा होती. संस्थानिकांमध्ये रोल्स-रॉइसचं जे वेड पसरलं त्यामागे फक्त चांदीची मूठ आणि मखमल नव्हती, असं माझं मत आहे.

१९०६ ते १९२६ पर्यंत पावणेआठ हजारांच्या वर ४०/५० बनल्या. राजवाडे गेले, गॅरेजं राहिली आणि कित्येक गाड्या गोणपाटाखाली पडून राहिल्या. अशा चाळीस-पन्नास वर्षं बंद इंजिनाला पहिला नियम : हँडल मारायचं नाही. पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटलेल्या असतात. जोर केला की रिंगा तुटतात, सिलिंडरवर ओरखडे पडतात.

आणि इथे एक मस्त डेडलॉक आहे. आपल्या गाडीसारखं ह्या इंजिनाचं हेड वेगळं निघत नाही. सिलिंडर आणि हेड हे एकच ओतीव काम. त्यामुळे हेड गास्केट फुटण्याची भानगड नाही, पण पिस्टन बघायचा तर अख्खा ठोकळा उचलावा लागतो. पिस्टन जाम असेल तर ठोकळा उचलता येत नाही, आणि ठोकळा उचलल्याशिवाय पिस्टनला हात लागत नाही! उपाय असा की प्लगच्या भोकातून पातळ तेल सोडायचं आणि दिवसचे दिवस वाट बघायची. नाहीच सुटलं तर खालचं आवरण काढून कनेक्टिंग रॉड क्रँकपासून सोडवायचे.

बेअरिंगचं काम तर हरवत चाललेली कला आहे. तेव्हा दुकानातून आणून बसवायच्या तयार बेअरिंग वाट्या नव्हत्या. कथील, अँटिमनी आणि तांब्याचा 'व्हाइट मेटल' वितळवून जागेवर ओतायचा, बोअर करायचा, मग दांड्याला निळा रंग लावून फिरवायचा आणि जिथे निळं उमटेल तिथे हाताने खरवडायचं. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणं. सात मेन बेअरिंगं एका रेषेत यायला हवीत, नाहीतर रॉइसने घालवलेला रोग आपणच परत आणू.

इंजिन सुरू झालं की खरं डीबगिंग. सगळ्यात छळवादी तक्रार ही : गाडी थंड असताना झकास चालते, वीस मिनिटांनी बंद पडते, अर्ध्या तासाने पुन्हा चालू. संशयित दोन. एक, पेट्रोल नळीतच उकळून वाफ अडकते (आजचं पेट्रोल जुन्यापेक्षा लवकर उडतं). दोन, मॅग्नेटो तापला की त्याचा कंडेन्सर किंवा वेटोळ्यावरचं लाखेचं जुनं इन्सुलेशन दगा देतं. लक्षणं तंतोतंत सारखी. अशा वेळी लोक कार्बोरेटर चार वेळा उघडतात.

पण ४०/५० मध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आहेत. एकाला ठिणगी मॅग्नेटोकडून, दुसऱ्याला बॅटरी आणि कॉइलकडून, आणि दोन्ही वेगवेगळ्या चालू-बंद करता येतात. गाडी अडखळायला लागली की कॉइलवर टाका. सुरळीत झाली तर मॅग्नेटो चोर, नाही झाली तर पेट्रोल. दोन मिनिटांत निकाल. दोन व्यवस्था दिल्या होत्या त्या एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून, पण निदानाला त्यांच्याइतकं सोयीचं काही नाही.

घाटात तापणाऱ्या गाडीचंही तसंच. सगळे आधी रेडिएटरला शिव्या देतात. बऱ्याचदा सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत पन्नास वर्षांचा गंजाचा गाळ बसलेला असतो. तिथे पाणी फिरतच नाही. आधी तो काढायचा, मग इग्निशनचं टायमिंग मागे राहिलंय का बघायचं, मिश्रण पातळ नाही ना ते बघायचं, आणि सगळ्यात शेवटी रेडिएटर.

ह्या कामात खरं भांडण होतं ते एकाच मुद्द्यावर. ठोकळा आतून गंजून चिरलेला असेल तर तो शिवायचा की नवीन ओतून घ्यायचा? शिवला तर मूळ इंजिन राहतं, पण घाटात भरवसा नाही. नवा ओतला तर गाडी पळते, पण मग ती १९११ ची म्हणायची की आजची? मला विचाराल तर नवा ओता, जुना ठोकळा नंबरासकट फडताळात जपून ठेवा आणि काय बदललं त्याची वही ठेवा. कंपनीने स्वतः ती शिस्त पाळलीच होती. प्रत्येक चेसिसचं कार्ड असे, त्यावर गाडी कुणी मागवली, कशी मागवली याची नोंद. ती कार्डं इंग्लंडमधल्या क्लबच्या संग्रहात अजून आहेत, आणि चेसिस नंबर कळवला की नक्कल मिळते.